धूळ आत जाता कामा नये

१० फेब्रुवारी
दगड दळायची चक्की पुन्हा बंद! मॅनेजर दीपक सर थंडपणे म्हणाले, "उज्वला मॅडम, इलेक्ट्रिकल तुमच्याकडेच आहे ना?" आहे. दुर्दैवाने.

जाऊन बघते तर कंट्रोल पॅनेलचं दार सताड उघडं आणि समोर स्टँडचा पंखा. आत दगडाच्या पुडीचा असा थर की रांगोळी काढावी. ऑपरेटर मल्हारी म्हणाला, दार लावलं की पॅनेल तापतं, म्हणून वारा घालतो. वारा नाही, पंख्याने पूड घालत होता! मग मी सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं — धूळ आत जाता कामा नये. टाळ्या पडल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी
केबलची भोकं बुजवली. दाराला नवीन रबर. वर कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आता मुंगी शिरून दाखवू दे! जेवताना जीवनला रबराची जाडी समजावून सांगितली. नवऱ्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आमटी आणखी आहे का.

१३ फेब्रुवारी
पॅनेल शिजलं.

धूळ आत गेली नाही, पण उष्णताही बाहेर आली नाही. मी पॅनेल नाही, कुकर बनवला होता — बिनशिट्टीचा. दुपारी सगळं ठप्प. आणि किल्ली? दुसऱ्या पर्समध्ये, इंदिरानगरच्या घरी! जीवन त्याचं दुकान बंद करून मोटारसायकलवर सिन्नरला कारखान्यात आला आणि सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात ठेवली. आणि लगेच परत दुकानाकडे निघाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

पॅनेलशेजारीच चाळणीखाली कमळाबाई पोती भरतात. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनाच माझी दया आली. "च्या घ्या म्याडम, पेटी गार होईस्तवर." घेतला. इंजिनियरिंगची पदवी चहात बुडवून प्यायले.

१४ फेब्रुवारी
जीवनने गुलाब नाही, किल्लीसाठी गळ्यात अडकवायची दोरी आणली.

१८ फेब्रुवारी
अंबडच्या पॅनेलवाल्याला फोन केला. माझा पराक्रम ऐकून त्याने हसू दाबलं, मला कळलं. त्याचा सल्ला असा — पॅनेलच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडची स्वच्छ हवा जाळीतून गाळून छोट्या पंख्याने आत ढकलायची. आतला दाब किंचित जास्त राहिला की फटींतून हवा बाहेरच जाते, धूळ आत येत नाही. आत गारवाही राहतो. म्हणजे दार बंद, पण श्वास चालू. हे मला आधी सुचायला हवं होतं. पण मी कुलूप विकत घेण्यात गुंतले होते!

२ मार्च
जाळी आणि पंखा बसवल्यापासून चक्की एकदाही थांबली नाही. आज पॅनेल उघडलं — आत दिवाळीच्या फडताळासारखं लख्ख. दीपक सरांनी माझा पॅनेलसोबत फोटो काढला. मी अशी हसलेय की जणू पॅनेल मलाच झालंय. हेड ऑफिसला पाठवणार म्हणे.

कमळाबाई कामावर नव्हत्या. मल्हारी म्हणाला, चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागतो, उज्वला मॅडमना सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, हवा बदलतेय. आणि फोटो कसा आलाय ते बघत बसले.

५ मार्च
कमळाबाईंच्या घरी गेले. त्यांची मुलगी वैष्णवी नुकतीच दवाखान्यातून एक्स-रे घेऊन आली होती. फुप्फुसांत दगडाची पूड बसलीय, डॉक्टर म्हणाले. बसली ती आता निघत नाही.

कमळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे थांबून, श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "पेटी नीट चालती ना, म्याडम?"

मी हो म्हणाले.

तिथून थेट कारखान्यात गेले. चाळणीखाली दुसरी बाई पोती भरत होती. मेन स्विच खाली ओढला. दीपक सरांना सांगितलं, चाळणीवरची धूळ ओढून नेणारी सोय होईपर्यंत मी हा वर करणार नाही. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका.

उद्या सकाळी तरीही कारखान्यात जाणार आहे.