तुझ्या ट्रेलरच्या छतावरून

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अक्षरशः घ्यावा, काल छतावरून उतरताना तसाच पडलो. हाडं शाबूत आहेत.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला खरं तर फोन असतो, पण त्याचीच तर ही सगळी रडकथा आहे.

मंगळवारी तुझ्या हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता आणि तू त्याचा फोटो पाठवणार होतास. आम्ही दोघांनी तळ्याकाठी तुझा ट्रेलर, तुझं ते गाडीमागे ओढायचं घर, लावला, तर फोनवर सिग्नलची एकही दांडी दिसेना. इंटरनेटचं नावच काढू नकोस, नुसतं गोल गोल फिरत होतं. आता टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं खांबांवर चढलेल्या माणसाने हातावर हात ठेवून बसायचं का? बूस्टर मी आणलाच होता. बाहेरच्या अँटेनाने सिग्नल पकडायचा आणि आतल्या डब्याने तो ट्रेलरभर वाटायचा, इतकं सोपं काम. (ही म्हणाली, आधी जरा फिरून बघू या, कुठे लागतो का ते. मी सांगितलं, हे तज्ज्ञाचं काम आहे आणि मी छतावर असेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेव.) रिपोर्टाचं मी हिच्याजवळ काढलंच नाही. बातम्या बघायच्या आहेत, असं ठोकून दिलं.

छतावर खांब उभारला. वाऱ्याने कुठे कलतो ते कळावं म्हणून टोकाला हिची लाल शाल बांधली. समोरच्या टेकडीवर झाडांच्या वर एक उंच मनोरा दिसत होता, मोबाईलचाच असणार म्हणून त्याच्यावर अँटेना अशी रोखली की सूतभर हलायची नाही. सिग्नल शून्य. मग आतला डबा पलंगाखालून कपाटात, कपाटातून न्हाणीघरात हलवला, कारण डबा आणि अँटेना फार जवळ आले की त्यांचं आपसांतच सुरू होतं आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही. (आपल्या दोघी आत्या आठव.) बुधवारी मनोऱ्यावर एक माणूस हात हलवताना दिसला. म्हटलं, चला, दुरुस्ती सुरू झाली! मीही छतावरून दोन्ही हात हलवले. पाऊण तासाने तो धापा टाकत हजर, एका हातात फावडं, दुसऱ्यात मलमपट्टीची पेटी. तो वणव्यावर नजर ठेवणारा पहारेकरी निघाला. लाल कापड आणि छतावर हात हलवणारा म्हातारा बघून त्याला वाटलं, आमच्यावर काहीतरी संकट आलंय. म्हणजे दोन दिवस मी त्या बिचाऱ्याच्या खुर्चीवर नेम धरून बसलो होतो.

चहा पिताना तो सहज म्हणाला, सिग्नल तर पलीकडे नळाजवळ येतो, बाईंना माहीत आहे की, वरून मला तिथेच बसलेल्या दिसतात. बाईंना माहीत होतंच. मंगळवारपासून ही तिथे उपड्या बादलीवर बसून वहिनीशी बोलत होती, आणि रिपोर्ट उत्तम आल्याचं हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग मला का नाही सांगितलंस? तर मी छतावर होतो ना! आणि जेवताना? जेवताना मी खांबाशिवाय दुसरं काही बोललोच नाही म्हणे. दोन दिवस घास उतरत नव्हता, तोही हिला बातम्यांचा सोस वाटला. दादा, मी फार घाबरलो होतो रे.

पहारेकरी खाली गावात जाणार आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरांनीच म्हटलंय, म्हणून आता लिहितो. तुझ्या ट्रेलरच्या छताला चार भोकं पडली आहेत. (पाचवं लहान आहे, ते धरलेलं नाही.)

ता. क. २. बातमी वहिनीकडून हिला आणि हिच्याकडून मला मिळाली, पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. मीच केला असता फोन, पण भोकांचं आधी कागदावर सांगितलेलं बरं. रविवारी सकाळी दहाला तूच फोन कर. भोकांवरून हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी मध्ये बोलणार नाही. नळाजवळच्या बादलीवर नऊपासून बसलेला असेन.