समीरचा मोकळा हात

रविवार, १४ एप्रिल २०१९, ओजिमा

समीरला नदीकाठी पॉवर काइट उडवायला मीच शिकवलं. आज तो कमरेला हार्नेस बांधून आला. दोन्ही हँडलांना जोडलेली दोरी त्याच्या हुकात अडकवली की पतंगाची ओढ दंडांऐवजी कमरेवर येते. माझे दंड भरून आलेले, आणि हा एक हात सोडून माझ्या लेकीला टाळी देतोय!

"सुगोई, समीरकाका!" मला कधी म्हणाली असं जपानीत 'भारी'?

"दादा, बांधून बघा ना," समीर म्हणाला.

"पतंग हातानंच उडवायचा," मी म्हणालो. का म्हणालो?

ती टाळी अजून डोक्यातून जात नाही.

हार्नेस तो आमच्याकडे विसरला, की मुद्दाम ठेवून गेला?

स्वयंपाकघरातून बायको ओरडतेय, "अरे, जेवायला तरी तो पट्टा सोडून ये!"