गाडी ढकलली, चालवली नाही

महाल, नागपूर

आदरणीय विश्वनाथराव यांना मारोतरावाचा नमस्कार. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? आमच्याकडे सर्व ठीक आहे (तुमची बहीण सुमती तुमच्यावर रागावलेली आहे, ते धरूनही ठीक). फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तिच्या पाटवडीच्या रश्श्याला तुम्ही फिका म्हणालात, मग येऊ नको जेवायला असं ती म्हणाली, आणि राखीलाही तुम्ही उमरेडात व ती महालात अशी दोघं हट्ट धरून बसलात. मधल्यामध्ये अडकलो आहोत मी, आणि तुम्ही आम्हाला वापरायला दिलेली गाडी.

कारण त्या गाडीचा विमा संपला. आठवणीचे मेसेज तुमच्या मोबाइलवर येतात आणि ते तुम्ही वाचत नाही. मी किल्ली खिळ्याला टांगून ठेवली. आमच्या गार्गीला मिहानला ऑफिसात सोडायचं होतं, एवढ्याशा रस्त्याला काय होतं म्हणाली. मी सांगितलं, धडक मी मारीन, पण गाडी मामाच्या नावावर, म्हणजे कोर्टात मामाही उभा राहील, आणि आधीच तो बोलत नाही. ती बसने जाते. (माझ्याशी तीही आता कमीच बोलते.)

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघणार, म्हणून गल्लीतल्यांनी गाडी हलवायला सांगितली. चालवायची तर नव्हतीच, ढकला म्हटलं. स्टिअरिंगवर कोणी बसावं यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते जो स्टिअरिंगवर बसला त्याने गाडी चालवली, म्हणून मी हँडब्रेक सोडला, खाली उतरलो आणि सगळ्यांबरोबर मागून जोर लावला. पुढे उतार आहे हे मला जन्मापासून ठाऊक आहे, पण नेमकं तेव्हा आठवलं नाही. गाडी एकटीच निघाली आणि कोपऱ्यावरच्या शालिकरामच्या पोह्यांच्या ठेल्याला जाऊन भिडली. कोणाला खरचटलं नाही, पण पोह्यांवर ओतायच्या तिखट तर्रीचा अख्खा गंज, चांगलं मोठं पातेलं, बॉनेटवर रिकामा झाला. बंदोबस्ताच्या हवालदाराने गाडी कोण चालवत होतं म्हणून विचारलं. कोणीच नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

"कोनीच नोयतं, हे सांगताना तुमची छाती काहून फुगून रायली?" तो म्हणाला.

मी छाती आत घेतली. शालिकराम वेगळाच कपाळाला हात लावून बसला होता, सणाच्या दिवशी तर्रीशिवाय पोहे कोण खाणार. मग सुमतीने घरून गंजभर रस्सा करून दिला. मिरवणूक पुढे सरकेपर्यंत तो संपला, लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला. फिका कोणी म्हणालं नाही. हे फक्त तुमच्या माहितीसाठी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मारोतराव

ता. क. विमा भरायचा तर ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येणार. तेव्हा रविवारी मोबाइल घेऊन स्वतःच यावं.

आणखी एक ता. क. (हा सुमतीला दाखवलेला नाही.) खोटं मला निभवत नाही. विमा एजंटाने कालच काढून दिला, ओटीपी लागलाच नाही. वरचा ता. क. तिने सांगून लिहून घेतला. तुमची राखी अजून देव्हाऱ्यात आहे, आणि गल्लीत कुठली गाडी थांबली की सुमती दाराशी जाऊन येते. मला ते पाहवत नाही. आत्ता पाकीट शोधता शोधता म्हणाली, "त्याले लिहा, फिका वाटला तं तिखट वरून घेजो, पन येजो."