फाट्यावरची डहाळी

आटपाडी, ४ जानेवारी २०२५

चि. अमृतास, रंगूआक्काचे अ. आ.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई, म्हणून नातीला, सृष्टीला, लिवाय बसीवलंय. ती म्हनती नीट बोल. मी माझंच बोलनार.

तुझं नवं पुस्तक आलं. कोकरू लय ग्वाड काढलंयस. सृष्टीनं वाचून दाखीवलं, गल्लीतली पोरं खदाखदा हसली. पन डहाळी कुटं हाय रं? बा मेंढरं घिऊन म्होरं जायचा, फाट्याला हिरवी डहाळी टाकून वर धोंडा ठेवायचा, शेंडा त्यो गेल्याल्या वाटंकडं. मागनं आय, घोड्यावर बिऱ्हाड, आन आपून दोगं. तू हरेक पुस्तकात कुटंतरी ती डहाळी काढतुस. मला अक्षार येत न्हाई, पन डहाळी घावली की कळायचं, माझा भाऊ खुशाल हाय. ह्या बारीला घावली न्हाई. आजारी हाईस का? खोटं लिवू नगंस.

माया हायेच, ती पातळ हू दिऊ नगं.
रंगूआक्का

सातारा, १४ जानेवारी

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

तीळगूळ घे, आणि माझ्यावर ओरडणं थोडं कमी कर. तब्येत ठणठणीत आहे. कोकराचे कान तुझ्यावरून काढलेत, हे सृष्टीला सांगू नकोस.

डहाळी विसरलो नाही. मुद्दामच काढली नाही. चित्रात मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा माझा जुना नेम. शाळेत बोलावतात, हार घालतात, पोरं भोवती गोळा होतात. मग घरी येऊन मी एकट्यापुरती आमटी तापवतो. नवं चित्र झालं की दाखवायला घरात कुणी नाही. लग्नासाठी तू किती डोकं आपटलंस, मी ऐकलं नाही. डहाळी मागून येणाऱ्यासाठी असते, आक्का. माझ्या मागून कोण येतंय? मग उगाच कशाला काढू?

लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, थोडा इकडे पाठवत जा.
तुझा अमृत

आटपाडी, २२ जानेवारी

चि. अमृतास, अ. आ.

येडा हाईस. एवडी पुस्तकं लिवली, पन शाना झाला न्हाईस. बारकेपनी तुला ताप आला, आमी वाटंतच थांबलो, आठवतंय? बाला काय ठावं, आमी येतोय का न्हाई. तरी हरेक फाट्याला डहाळी व्हती. वाळून काटकी झाल्याली, पन व्हती. तीच बगत बगत तुला घोड्यावर घालून आनलं.

दोन तारखंला, ऐतवारी, सृष्टीला घिऊन एस्टीनं येते. गुडघ्याला इचारलं न्हाई. तुज्या तितल्या बिल्डिंगी समद्या सारक्या, मागल्या बारीला भलत्याच्याच दारात बसले व्हते. गल्लीच्या तोंडाला डहाळी टाक.

बाकी भेटीत. रागावले तरी तुजीच,
रंगूआक्का

सातारा, १ फेब्रुवारी

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

उद्या तू निघशील, हे पत्र त्यानंतरच पोचेल. तरी लिहितोय.

कडुलिंबाची डहाळी आजच टाकली. वर धोंडा ठेवला, शेंडा माझ्या दाराकडे. झाडणारी मंगल ती उचलायला लागली. तिला म्हटलं, राहू दे बाई, माझी बहीण यायची आहे. आमटी तिघांची टाकणार आहे, खारट झाली तर गप खा.

एस्टी चुकली, गुडघा अडला, उद्या नाही जमलं, तरी असू दे. डहाळी वाळली तरी मी उचलणार नाही.

वाट बघणारा,
अमृत