मेणातली आई

प्रिय ठमे,

फोनवर तू विषय बदलतेस म्हणून हे पत्र. मी नुसतं 'डॉक्टर म्हणाले' एवढं म्हटलं की तुला गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण होते. एवढं काय सारखं उतू जात असतं तुझ्या घरात, देव जाणे. पत्राला ती सोय नाही. रागारागाने कपाटात टाकशील, पण मी तुला फ्रॉकात असल्यापासून ओळखते. चहा घेऊन झाला की परत काढशील.

आधी माझी खबरबात. रेडिएशन संपलं. शेवटच्या दिवशी यंत्रावरची मुलगी सवयीने "पुन्हा या हं" म्हणाली आणि मग तिने अशी काही जीभ चावली की मलाच तिची समजूत काढावी लागली. डाव्या बाजूची कातडी इस्त्री लागल्यासारखी काळवंडली आहे, सैल सुती कपड्यांखेरीज काही सहन होत नाही. केस उगवतायत, पण चक्क कुरळे. जन्मभर सरळ केसांचा तोरा मिरवला, आता रोज सकाळी आरशात ही कोण बाई असं होतं. अर्धा दिवस लॅबमध्ये जाते. माझ्या हाताखालच्या डॉक्टरने मायक्रोस्कोपपुढची माझी खुर्ची स्वतःच्या उंचीला लावून ठेवली होती, ती पहिल्याच दिवशी खाली केली. तेव्हा मी बरी आहे असं समज.

त्याच डॉक्टरची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. माझ्या गाठीचा तुकडा तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला होता, हे तुला माहीत आहे. एरवी हा पोरगा दर तासाला स्लाइड घेऊन 'मॅडम, जरा बघता का' करत येणारा. त्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे फिरकला नाही, समोर आला की भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. मी सरळ त्याचा खण उघडला. तो म्हणाला, "मॅडम, ही तुम्ही नका बघू." मी म्हटलं, "गावाच्या बघते, मग माझ्या गाठीने काय घोडं मारलंय?" आणि बघितली. पेशींना एक वळण असतं ठमे. दुधाच्या नळ्यांना आतून अस्तर असतं, त्यातल्या पेशी शेजारणीला खेटून रांगेत बसतात, गरज पडली की एकीच्या दोन होतात आणि जागा भरली की थांबतात. माझ्या थांबायचं विसरल्या होत्या. एकीचा चेहरा दुसरीशी जुळत नव्हता, केंद्रकं फुगलेली, जिथे बघावं तिथे विभाजन चाललेलं, आणि अस्तराची भिंत फोडून सगळ्या बाहेर. असं चित्र मी आयुष्यभर लोकांसाठी बघत आले, खाली सही केली आणि डबा खायला गेले. त्या दिवशी डबा तसाच घरी आणला.

मग तू आलीस. पोहण्याचे वर्ग दुसऱ्या कुणावर सोपवून, ती अवाढव्य बॅग घेऊन, जणू माझ्याकडे कायमची राहायला आलीस. रिपोर्टवर 'ग्रेड तीन' वाचून तू मोरीत जाऊन रडलीस, कारण तुला वाटलं तीन म्हणजे संपलंच. मी तुझ्यावर किती खेकसले! ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या, स्टेज म्हणजे त्या कुठवर पोचल्या. माझ्या पार वाया गेलेल्या होत्या, पण काखेतल्या एका गाठीपलीकडे गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तू हे सगळं फोनवर तुझ्या लेकीला समजावलंस, अगदी माझ्या मास्तरकीच्या आवाजात, आणि मी पलंगावर तोंड दाबून हसत होते. किमोच्या खोलीत तू नर्सला पिडलंस की औषध कॅन्सरचं आहे तर हिच्या केसांच्या मागे का लागलंय. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. त्या औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही गं, घाईने वाढणारी पेशी तेवढी कळते. केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, आतडी, रक्त, सगळीच घाईची मंडळी. म्हणून माझं तोंड आलं, आणि तू रुमालात बर्फ कुटून खडे माझ्या जिभेवर ठेवत बसलीस. हे मी विसरणार नाही. तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तुला लगेच भाव चढतो.

पुढचा विषय तुला नको आहे. माझ्या रक्तातल्या जनुकांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवलं, तेव्हा तू मान हलवत होतीस, पण ऐकत नव्हतीस. घरी येताना म्हणालीस, "म्हणजे तुला कॅन्सर जन्मतःच होता." नव्हता, ठमे. तुझ्या तलावाचंच घे. काठावर दोन जीवरक्षक असतात. पेशी दोन होताना जी नक्कल उतरते, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारे असेच दोघे असतात, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. माझा आईकडचा जन्मापासून रजेवर. तरी तलाव वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. मग कुठल्याशा एका पेशीत दुसऱ्याचाही डोळा लागला आणि चुका साठत गेल्या. एवढीच गोष्ट आहे. आईकडून मला हा रजेवरचा मिळाला तसा तुलाही मिळाला असेल किंवा नसेल, निम्मी-निम्मी शक्यता, आणि रक्ताच्या एका नळीत ते कळतं. तू तलावाच्या पायरीवर बसून, ओल्या केसांनी, माझ्याकडून वचन घेतलंस की हा विषय मी मरेपर्यंत काढणार नाही. "मला नाही कळून घ्यायचं ताई. कळलं की मी पाण्यात उतरेन तेव्हा मला माझं शरीर आठवेल." मला राग आला होता. तरी मी हो म्हटलं.

त्या दिवशी तू आणखी एक म्हणालीस आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. आईला पोटाचा झाला, तुला छातीचा, मावशीला छातीचा पण तिचं वय झालं होतं. प्रत्येकीचं वेगळं, यात घराण्याचा काय संबंध? तुझी चूक नाही. आपल्याला तेच सांगितलं होतं. आईचं पोट वाढत गेलं, बाबा कुणालाही 'पोटाचं दुखणं' म्हणायचे, मावशी पदर तोंडाशी धरायची, आणि आपण दोघींनी त्या घरात अळीमिळी गुपचिळी शिकून घेतली. तू आईच्या पोटावर कान ठेवून विचारलं होतंस, बाळ आहे का म्हणून. आई हसली होती. मी तुला ओढत बाहेर नेलं आणि जिन्यात बदडलं, आणि नंतर आपण दोघी मिळून रडलो, का ते तुला कळत नव्हतं.

तर मी आईला शोधायला गेले. ज्या इस्पितळात तिचं पोट उघडलं होतं, तिथल्या लॅबची प्रमुख माझी कॉलेजातली मैत्रीण आहे. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, आणि लॅबवाले लोक माझ्यासारखेच, काही टाकून देत नाहीत. तळघरात पत्र्याच्या खणांच्या भिंतीच्या भिंती. मैत्रिणीने खण ओढला आणि आई माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढी, पिवळट मेणात, कोपऱ्यावर झिजलेला नंबर. मी ती पर्समध्ये न ठेवता हातात धरूनच माझ्या लॅबपर्यंत आणली आणि मग घाबरले की माझ्या उबेने मेण मऊ होईल. आमच्या तंत्रज्ञ बाईंनी तिचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढला, कोमट पाण्यावर तरंगवला, काचेवर अलगद उचलला. रंग चढवले. मी दार लावून घेतलं आणि बघत बसले. ते पोट नव्हतंच, ठमे. बीजकोश होता, ओव्हरी. तिथून पेशी पोटभर पसरल्या होत्या आणि पाणी साठलं होतं, म्हणून ते पोटाचं. बीजकोश आणि छाती, एका जनुकातल्या बिघाडाच्या या दोन नेहमीच्या जागा. आपण जागेवरून नावं ठेवत राहिलो आणि तिघींच्या एकाच दुखण्याची तीन वेगळी दुखणी केली. मला आईचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही आता, आणि तिच्या पेशी मात्र मी अर्धा तास बघत होते. मी खूप रडले. तुला बोलवावंसं वाटलं, पण वचन दिलं होतं.

मी कुणाला काही बोलले नव्हते. पण तुझी चिंगी काही मुकी-बहिरी नाही. तिने तुझं टाळणं पाहिलं, माझं गप्प बसणं पाहिलं आणि एका रविवारी येऊन माझ्यासमोर मांडी ठोकून बसली. तुझी लेक पुलांच्या तपासणीचं काम करते, हे मी ऐकून होते, पण त्या दिवशी समजलं की काय करते. म्हणाली, "मावशी, आम्ही पूल पडल्यावर भेग शोधायला जात नाही गं. आधी जातो." मी तिला हाकललं. म्हटलं, मी तुझी मावशी आहे, या बाबतीत तुझी डॉक्टर नाही, आणि आईला विचारल्याशिवाय माझ्याकडे येऊ नकोस. ती म्हणाली, "मी लहान आहे का? रक्त माझं आहे." मग तिला जनुकांच्या तपासणीआधी सल्ला देणाऱ्या बाईंकडे पाठवलं, आणि त्यांनी तिला फिरून फिरून एकच विचारलं, की यातून तुझ्या आईबद्दलही काही कळू शकतं, त्याचं काय करशील. शेवटी तिने सही केली. निकाल घ्यायला मात्र मला बरोबर नेलं. बाहेरच्या बाकावर तिने माझा हात असा आवळून धरला होता की बोटं सुन्न झाली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तुझा धरायची तसा.

उभी असशील तर आता बस. चिंगीचा निकाल चांगला आला असता तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. तिच्यात तो बिघाड नसता तर तुझ्याबद्दल काहीच ठरलं नसतं, माझं वचन शाबूत राहिलं असतं आणि तू निवांत पोहत राहिली असतीस. तिच्यात तो आहे. माझ्यात आहे तोच, त्याच जागी. आणि मावशीकडून भाचीला काही जात नाही गं. ते तुझ्यातूनच गेलं असणार. म्हणजे रक्ताचा थेंबही न देता तुझा निकाल लागला आहे, आणि तो तुला कळवणारी मी आहे. मला शिव्या घाल, पण आधी हे ऐक. तुला कॅन्सर झालेला नाही, चिंगीलाही नाही. तिच्यासाठी दरवर्षीच्या तपासण्या आहेत, लवकर सापडलं तर फार काही करता येतं. तुझ्यासाठी तेही आहे आणि बीजकोश काढून टाकण्याचा मार्गही आहे, आणि तुझ्या वयाला तो लवकर विचारात घ्यायला हवा, म्हणून मी थांबू शकत नाही. आईला यातलं काहीच मिळालं नाही. चिंगी शनिवारी घरी येतेय. तिला तुझ्यासमोर बसून काही नाही असा चेहरा ठेवता येणार नाही आणि तोंडाने सांगताही येणार नाही, म्हणून मला म्हणाली, "मावशी, तू आधी लिही." आजारापेक्षा तिला एकाच गोष्टीची धास्ती आहे, की आईला वाटेल आपणच हिला हे दिलं, आणि आई तिच्याकडे पूर्वीसारखं बघणार नाही. मला विचारत होती, आई काय करेल? मी छातीठोकपणे सांगितलंय की तुझी आई आधी तुला जेवायला वाढेल, मग रडेल, आणि मग मला फोन करून वाट्टेल ते बोलेल. ठमे, एवढा क्रम पाळ.

तुझा फोन येईल म्हणून तो उशाशी घेऊन झोपणारी,
तुझीच
ताई