मैत्रीला आठवीला कुठं घालायची

२ मार्च, रविवार
संदीपचा मुंबईहून फोन. ना ख्यालीखुशाली ना काही, थेट मुद्द्यावर. "ताई, मैत्रीला आठवीला कुठं घालायची ते तूच बघ. देवरूख की चिपळूण. तू सांगशील ते फायनल. फीचं मी बघतो."
गावची शाळा सातवीपर्यंतच. जूनमध्ये पोरीला कुठंतरी घालायलाच हवी. दोन्ही शाळा खासगी, दोन्हींचं नाव चांगलं. देवरूखला एसटीने येऊन-जाऊन. चिपळूणला होस्टेल, म्हणजे फक्त सुट्टीत घरी.
मोठा आला फायनलवाला भाऊ! दोघा नवराबायकोच्या नोकऱ्या, एवढीशी खोली, म्हणून दीड वर्षाची पोर माझ्याकडे आणून ठेवली. चार दिवस म्हणाला होता. ते चार दिवस अजून चाललेत. लग्न मी केलं नाही, दिवसभर अंगणवाडीत गावची पोरं सांभाळते, आणि घरी आले की ही.

५ मार्च, बुधवार
देवरूखची शाळा बघून आलो दोघी. सर गोड बोलले. पटांगण मोठं, स्टँड जवळ. मी मनातल्या मनात हिचा डबासुद्धा भरून मोकळी झाले. पोळी, भाजी, शुक्रवारी अंडं.
प्रयोगशाळेला कुलूप होतं. चावी म्हणे कुठल्या सरांकडे, आणि ते सर रजेवर. मैत्री खिडकीच्या काचेवरची धूळ पुसून आत बघत उभी राहिली. कपाटातल्या बाटल्यांवर जाळी धरलेली. असू दे. एखादवेळी होतं असं.

८ मार्च, शनिवार
चिपळूणची शाळा आज. गेटवर पहिलं वॉचमनला विचारलं, पुराचं पाणी कुठवर येतं? त्याने कमरेला हात लावून दाखवलं. "पण मुली वरच्या मजल्यावर झोपतात हो." त्या झोपतील, माझं काय?
जेवणाची आमटी पातळ. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागले. प्रयोगशाळा मात्र उघडी. पोरी स्वतःच्या हाताने करत होत्या सगळं. एकीने मैत्रीला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल दाखवली. ही डोळा लावून बसली ती उठेचना. "मैत्री, एसटी जाईल गो!" तरी नाही. शेवटी दंड धरून उठवली.
संध्याकाळी संदीपला सांगितलं. चि.चा पूर, आमटी, जिने. दे.चं पटांगण, सर, एसटी. मैत्री शेजारीच अभ्यासाला बसलेली. मान वर केली नाही तिने.

१५ मार्च, शनिवार
चि.वाल्यांचा फोन. निवड करायच्या आधी मुलींना दोन रात्री ठेवून घेतात. शिबिर म्हणतात त्याला. अंथरूण-पांघरूण आणायचं, खाऊ शाकाहारी.
संदीप म्हणाला, जाऊ दे की, बघू तरी. बघू तरी म्हणे! ह्याच्या बापाचं काय जातंय. (त्याचा बाप तोच माझाही. असो.)

२१ मार्च, शुक्रवार
सोडून आले. पिशवीत चिवडा, लाडू, आणि कॉफीच्या बाटलीत सुकटीची चटणी. त्या पातळ आमटीबरोबर पोर काय खाणार? काल बसून मंद आचेवर खमंग भाजली, खोबरं, लसूण, लाल मिरची. मासळी नेऊ नका म्हणाले होते, ते लक्षात होतं. पण सुकट म्हणजे काय मासळी? ती आपली चटणी.
घर खायला उठतंय. दोन ताटं घेतली आणि एक परत ठेवलं.

२२ मार्च, शनिवार
सकाळी रेक्टरबाईंचा फोन.
"तुम्ही मुलीबरोबर मासे दिलेत?"
"मासे? छे हो! सुकटीची चटणी दिलीय."
मग, "बाई, आमच्याकडे हे चालत नाही."
आमच्याकडे. हा शब्द मी जन्मात पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ आवाजांत ऐकलाय. बाईंना कदाचित नुसता नियमच सांगायचा असेल. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या पोरीने तिथं डबा लपवत राहायचं? चुलीत गेली ती शाळा.
आणि खरं लिहायचं तर आत कुठंतरी गारही वाटलं. आता घेणार नाहीत. राहील माझ्याजवळ.

२३ मार्च, रविवार
आणायला गेले. दोन वेण्या, एक कानाच्या वर, एक मानेवर. "कुणी घातल्या गो ह्या?" "मीच." रोज सकाळी मी घालते. ह्या पोरीने आजवर कंगवा हातात धरला नव्हता.
रेक्टरबाईंनी बाटली कपाटातून काढून दिली, कागदात गुंडाळून. मी भांडायच्या तयारीतच गेले होते. त्या म्हणाल्या, "नियम आहे, पुन्हा देऊ नका. पण पोरगी खरं बोलते हो तुमची. कुणाची बाटली विचारलं तर लगेच उभी राहिली. माझी, माझ्या आत्याने केलीय म्हणाली." माझं भांडण तोंडातच राहिलं.
बाकीचं एसटीत कळलं. गुहागरची एक मुलगी पहिल्या रात्री जेवेना, नुसती रडत होती. हिने बाटली उघडून तिच्या भातावर चमचाभर घातली. वास सगळ्या हॉलभर.
"भीती नाय वाटली?"
"वाटली ना. पण तू एवढी भाजलेलीस. माझी नाय कसं म्हणणार?"
मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे सारखे भरून येत होते. माझी बाय ती.

२६ मार्च, बुधवार
चि.तून फोन, निवड झाली. आठवड्याभरात कळवा म्हणाले. दे.चे सर तर केव्हाही या म्हणतात.
आमटीला फोडणी देत होते. मागून मैत्री, "आत्ये, तू बाबांना कुलपाचं सांगितलं नाहीस."
"कसलं कुलूप?"
"देवरूखच्या प्रयोगशाळेचं. आणि चिपळूणची उघडी होती, तेही नाय सांगितलंस."
मोहरी करपली.
"तुला चिपळूणला जायचंय?"
"मी असं कुठं म्हटलं?"
"मग?"
"खरं सांग एवढंच."
वीतभर पोरगी, आणि मला शिकवते! रागच आला. मग रात्रभर तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बसले.

२९ मार्च, शनिवार
संदीपला सगळं सांगितलं. जाळी, कुलूप, कांद्याची साल, सुकट, वेण्या. तो हसला. "मग तुझं मत काय, ताई?"
"माझं मत लबाड आहे. ते विचारू नकोस. तिलाच विचार."
"तिला काय कळतंय?"
"माझ्यापेक्षा बरं कळतंय."
फोन तिच्या हातात दिला. ती पडवीत गेली, दार ओढून घेतलं. मी चुलीपाशी. कान सगळा दाराकडे. "हं... हो बाबा... नाय, तसं नाय... पण मग आत्येला एकटीला...?" पुढं बराच वेळ नुसतं हं, हं.
आत आली. डोळे लाल. "आत्ये, भाकरी करपतेय बघ."
भाकरी उलटली. काय ठरलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडले असते, आणि मग तिने माझ्यासाठी ठरवलं असतं.

१ एप्रिल, मंगळवार
संदीपचा फोन नाही. उद्या करतो म्हणून मेसेज आहे. मैत्रीही बोलत नाही.
सकाळी आरशासमोर स्वतःच कंगवा घेऊन बसली. मी सवयीने पुढे झाले, मग हात मागे घेतले. एक वेणी घातली तिने. जरा वाकडी, पण शिबिरातल्यापेक्षा बरी. दुसऱ्या बाजूचे केस तसेच सोडून माझ्याकडे पाठ करून बसली.
"ही तू घाल."
घातली. हळूहळू घातली, उगाच सोडून पुन्हा घातली. तीही कुरकुरली नाही.
शाळेला उशीर झाला तिला.