मतपेटी उघडायच्या आधी

पाणीगेट, बडोदे
रविवार, १५ मार्च २०२६
दुपारचे सव्वादोन

प्रिय मालविका,

गुरुवार, पाच मार्च, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. माझं सगळं तिथे फिरलं. वेळ लक्षात आहे, कारण मी तुमच्या हॉलमधल्या घड्याळाकडे बघत होतो. समोर बघवत नव्हतं.

बाकी ठीक. आई बरी आहे. ऊन वाढलंय. काका-काकूंना नमस्कार. आजींना नमस्कार लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.

सकाळपासून तुझे तीन मेसेज आले. मी वाचले, तेही तुला दिसलंच असेल. उत्तर दिलं नाही, कारण फोनवर मी आधी आवाज चढवतो आणि मग खोटं बोलतो. तुला अनुभव आहे. म्हणून कागद घेतला. घरात पंखा सोडून काही वाजत नाहीये, तरी जिन्यात कुणाची चप्पल वाजली की वाटतं, तुझे पप्पाच आले.

तुला वाटतं मी शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिलो ते मराठी वर्गांसाठी. पत्रकावर तसंच छापलंय. पहिली-दुसरी बंद करून वरचा मजला ट्यूशन क्लासला देऊ नका, वगैरे. ते खोटं नाही. पण वार्षिक सभेत मी हेच बोललो तेव्हा तुझे पप्पा माइकवरून म्हणाले, “उत्कर्षराव, आधी स्वतःची तिसऱ्या वर्षाची परीक्षा द्या, मग आम्हाला शाळा शिकवा.” सगळा हॉल हसला. तू शिक्षकांच्या रांगेत होतीस. तू हसली नाहीस, खाली बघितलंस. हसली असतीस तर मी घरी जाऊन चादर ओढून झोपलो असतो. तू खाली बघितलंस म्हणून दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला, देवेंद्रकाकांच्याच जागेवर. जिच्यासाठी करायचं तिच्याच बापाविरुद्ध. कॉलेज सोडताना वापरली होती तेवढीच अक्कल.

आता ते गुरुवारचं.

आपल्या मंडळाची रीत तुला माहीत आहे. ऐंशीच्या पुढच्या सभासदांना शाळेपर्यंत ओढायचं नाही, मतपत्रिका घरी न्यायची. नेणार कोण, तर उमेदवारच. “सगळी घरचीच माणसं,” असं म्हणून चाळीस वर्षं चाललंय. फक्त स्वतःच्या घरची पाकिटं उमेदवारानं न्यायची नाहीत, तेवढी एक शिस्त. म्हणून तुमच्या घरचं पाकीट माझ्या वाट्याला आलं. कारेलीबागेत शिरताना मी खूश होतो गं. मतासाठी नाही. तू सुट्टीवर आहेस, दार तूच उघडशील, ह्यासाठी.

तू दार उघडलंस, चहा टाकते म्हणालीस आणि आत गेलीस.

प्रचारासाठी मी दाढी काढली होती, पांढरा शर्ट घातला होता. आजींनी माझा हात धरून शेजारी बसवलं आणि विचारलं, “देवा, आज ऑफिस नाही का?” मला वाटलं, मी देवेंद्रकाका नाही हे मिनिटभरात सांगू. पाकिटावर त्यांनी सही केली, किती वेळ लावून केली. मतपत्रिकेवरची दोन नावं काही दिसेनात. ती त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “तूच खूण कर. तुला सोडून कुणाला देणार मी मत?”

मी म्हटलं, “बरं, आई.”

आई म्हटलं मी, मालविका. आणि खूण माझ्या नावापुढे केली.

तू कप घेऊन बाहेर आलीस तेव्हा पाकीट चिकटवून झालं होतं. मी म्हटलं, आजींनी दिलं मत, साक्षीदार म्हणून तू सही कर. ‘सभासदाने माझ्यासमोर मत दिले’ असं तिथे छापलेलं होतं. तू वाचलंही नाहीस. माझ्याकडे बघून सही केलीस. चहात आलं जास्त झालं का, एवढंच विचारलंस.

दहा दिवस मी स्वतःला समजावलं की एका मतानं काय होतंय. आज बारा वाजता केयूरचा फोन आला. शाळेसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे ना, तिथे काका एका अर्जाच्या तीन कॉप्या काढायला आले होते. केयूरनं वाचून घेतलं. “भाई, आ तो तारी ज वात छे,” म्हणाला, ही तर तुझीच गोष्ट. आजी काकांना म्हणाल्यात, मत मी तुझ्याच हातात दिलं. काका त्या दिवशी ऑफिसात होते. म्हणून अर्जात लिहिलंय, माझ्या आईचं पाकीट सर्वांसमोर बाहेर काढावं. उमेदवारानं साक्षीदाराचीही खोटी सही केली असावी.

खोटी. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही की ती तुझी असेल.

आज चार वाजता मोजणी आहे. निवडणूक अधिकारी म्हणून सुभानराव सर पाकीट वर धरतील आणि साक्षीदाराचं नाव वाचतील. तुझं नाव, तुझ्या पप्पांसमोर, ज्यांनी तुला नोकरीत जूनपासून कायम करायचं त्या सगळ्यांसमोर. हे मी दोन तासांत शंभर वेळा बघितलंय. पप्पांचा चेहरा दिसतो, तुझा दिसत नाही. दोनदा मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

केयूर म्हणाला, बीमार पडी जा, जाऊच नको. तेही करून बघितलं, अर्धा तास पडून राहिलो. मग वाटलं, सही मीच ठोकली असं सांगून टाकावं. पण ते तुझी सही ओळखतात, आणि मग तू मला वाचवायला काहीतरी बोलशील. नको. मला वाचवू नकोस. कुणी विचारलं तर जे झालं ते सांग. तू स्वयंपाकघरात होतीस, आणि मी सांगितलं त्यावर विश्वास ठेवलास.

मी तीनला सुभानराव सरांकडे जातोय. वेगळ्या कागदावर सगळं लिहिलंय, खाली सही केलीय. उमेदवारी मागे घेतो, पाकीट बाद करा, सर्वांसमोर काढू नका, एवढं मागणार. ते ऐकतील का, माहीत नाही. कडक माणूस आहे. काका तिथे आधीच येऊन बसलेले असले तर त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल, आणि त्यांनी हात उचलला तर मी उलट उचलणार नाही, ह्याची मला खात्री नाही. खात्री करायचा प्रयत्न करतोय. वर्गांचं काय होणार तेही माहीत नाही. काका बिनविरोध येतील.

हे पत्र वाटेत तुमच्या सोसायटीतल्या लेटरबॉक्समध्ये टाकतो. आजींना तू काही सांगू नकोस. त्यांना वाटू दे, मुलाच्याच हातात दिलं.

हे पुढचं जिन्यात उभं राहून, भिंतीवर कागद धरून लिहितोय. खाली ‘तुझा’ लिहिलं होतं, ते खोडलं. आई दुपारची झोपलीय. दार ओढून घेतलं, लॅच लागलं, आणि किल्ली आतच राहिली. आता परत फिरायचं तर बेल मारून तिला उठवावं लागेल, आणि ती विचारेल, कुठे निघाला होतास.

उत्कर्ष